आंबलेला चीक आणि लोणारची हवा

लातुरात त्या दिवसांत कुणाचंही पोरगं दहावीला बरे मार्क घेऊन पास झालं, की शेजारीपाजारी त्याला डॉक्टर म्हणूनच हाक मारायचे. औसा रोडला, बार्शी रोडला, जिथे जागा मिळेल तिथे क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. ज्याच्या घरात एक खोली रिकामी होती त्याने तिच्यात कॉट टाकून बाहेरगावची पोरं ठेवली होती. मेसवाले, झेरॉक्सवाले, सायकलवाले, सगळ्यांना बरकत आली होती. त्या गर्दीत रेवणप्पा नावाचे रसायनशास्त्राचे एक मास्तर होते. पोरं त्यांना हॅलोजन सर म्हणायची. त्यांची बायको पार्वतम्मा त्यांना नुसतं मास्तर म्हणायची, तेही लाडात कमी आणि वैतागून जास्त.

हॅलोजन सर हे नाव उगीच पडलं नव्हतं. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन मंडळी रेवणप्पांना सोयऱ्यांसारखी वाटायची. भाजी अळणी झाली तर एखादा नवरा बायकोकडे डोळे वटारून बघतो. हा माणूस मिठाची बरणी हातात घेऊन म्हणायचा, "ह्यात क्लोरीन निजलेला असतो बघ, पार्वती."

"निजू द्या त्याला. तुमी जेवा," पार्वतम्मा म्हणायची.

खरं सांगायचं तर तिलाही ते नाद आवडायचे, फक्त कबूल करायची तिची तयारी नव्हती. नाद नसलेला नवरा तिने पाहिला होता. भूकंपानंतरचं पहिलं वर्ष तिने तसल्या झालेल्या मास्तरांबरोबर काढलं होतं, आणि ते पुन्हा नको होतं.

दोघं तेव्हा औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहत. रेवणप्पा तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. त्यांची सहा वर्षांची सिंधू आतल्या खोलीत होती. ती गेली. हे दोघं पडवीत झोपलेले, म्हणून उरले. ह्याहून जास्त त्या पहाटेबद्दल पार्वतम्मा कधी बोलली नाही आणि मास्तरही बोलले नाहीत.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर पाण्याचा प्रश्न आला. टँकरचं पाणी पिंपांत भरायचं, त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची. पण ती पुरेशी पडली का हे कुणी सांगायचं? मदतीला आलेल्या डॉक्टरांनी विज्ञानाचा मास्तर शोधून काढला. रेवणप्पांनी सांगितलं, साबुदाण्याची पातळ खळ द्या, पोटॅशियम आयोडाइड द्या, मी बघतो. ग्लासभर पाण्यात खळ आणि आयोडाइडचे थेंब टाकले की निळा रंग यायचा. निळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन जागा आहे, पाणी प्यायला हरकत नाही. बायकांना आधी वाटलं, मास्तर पोरांना निळं पाणी पाजणार. त्यांची समजूत घालायला पार्वतम्मालाच फिरावं लागलं. खळही तीच शिजवायची. त्या महिन्यांत नवराबायकोत दुसरं बोलणं नव्हतं. सकाळी ते विचारायचे, "साबुदाणा शिजला का?" आणि ती म्हणायची, "शिजला." तेवढ्यावर दोघं तगली.

शेजारच्या शेडमध्ये निजामोद्दीन म्हणून फिजिक्सचे मास्तर होते. पुढे त्यांनी लातुरात क्लास काढला आणि केमिस्ट्रीला रेवणप्पांना ओढून नेलं. क्लास चालला, म्हणजे धो धो चालला. सकाळी अंधारात मास्तर घराबाहेर पडायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. एकच धडा एका दिवसात तीन बॅचना सांगायचा, शेवटी चार पर्याय वाचायचे आणि त्यातला एक बरोबर म्हणून सोडून द्यायचा. रेवणप्पांचा चेहरा पुन्हा शेडमधल्यासारखा होत चालला होता. पार्वतम्माला ते दिसत होतं, पण त्यावर औषध काय हे तिला माहीत नव्हतं.

औषध एका मासिकातून आलं. कॉलेजच्या वाचनालयात मास्तरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात मृत समुद्राबद्दल वाचलं आणि घरी येऊन चप्पल न काढताच सांगायला लागले. पार्वतम्मा तांदूळ निवडत होती.

"तिथं मिठात ब्रोमीन निजलेला असतो. सकाळचं ऊन पडलं की एखादा उठून हवेत येतो. आला की जमिनीलगतच्या ओझोनला खातो, अन परत मिठात जाऊन दोघांना उठवून आणतो. ते दोघं चौघांना. बघता बघता तळ्यावरच्या हवेतला ओझोन साफ."

"म्हंजे लग्नाच्या पंगतीत एक बिनबोलावता घुसला की मागून सगळी गल्लीच घुसती, तसं?"

मास्तरांनी आता कुठे चप्पल काढली. "हाव. अगदी तसंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पंगत तिन्ही बॅचना वाढली. पोरं हसली, फळा भरला, आणि पहिल्या बाकावरची तूबा नावाची मुलगी उभी राहिली. हुशार मुलगी, तोंडात अदब. तिने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" मास्तर म्हणाले, नाही. वर्गातले सगळे पेन एकदम खाली गेले.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. पोरीचा राग आला नव्हता, पोरगी खोटं काय बोलली? पण ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पार्वती, परीक्षेला येत न्हाई अशी एक तरी गोष्ट मला ह्या पोरांना दाखवायची हाय. मी सोता शोधलेली. एकच." बायकोने नवऱ्याकडे साडी मागावी तसा त्यांचा आवाज झाला होता.

मृत समुद्र काही लातूर डेपोच्या गाडीने गाठता येत नाही. पण लोणार गाठता येतं. तिथेही खारं तळं आहे, तर तिथल्या हवेतही हा तमाशा होत असेल, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. यंत्रं कुठून आणणार? त्यांनी शेडमधलीच युक्ती काढली. कागदाच्या पट्ट्यांना खळ लावून वाळवायच्या, तळ्याकाठी दोरीला टांगायच्या आणि तिथेच त्यांच्यावर आयोडाइडचा थेंब सोडायचा. हवेत जागा झालेला हॅलोजन असला तर पट्टी निळी पडणार. ओझोननेही ती थोडी पडते, म्हणून त्याच सकाळी लातुरात निजामोद्दीन आपल्या गच्चीवर तशाच पट्ट्या टांगणार. लोणारची निळी आणि लातूरची पांढरी राहिली, की जिंकलं.

आणि मास्तर बदलले. सकाळी दाढी करताना गुणगुणायला लागले. पूजा उरकून, कपाळाला विभूती लावून घराबाहेर पडताना दारात उगीच घुटमळून तिच्याशी थट्टा करायला लागले. एकदा तर भाजीच्या पिशव्या स्वतः घेऊन आले, त्यात कोथिंबीर सोडून सगळं होतं.

चैत्र लागला होता. शेजारची सिद्धम्मा गच्चीवर पापड घालत होती. तिच्याकडे बघता बघता पार्वतम्माला वाटलं, आपणही गहू भिजवावा.

ही गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. उन्हाळा आला की कुरडया कोण करत नाही? पण भूकंपानंतर पार्वतम्माने गहू भिजवला नव्हता. शेवटच्या उन्हाळ्यात सिंधू वाटी घेऊन चुलीपाशी बसली होती, पातेल्यातला गरम चीक मिळेपर्यंत हललीच नव्हती. त्या कुरडयांचा डबा ढिगाऱ्याखालून चेपलेला निघाला. तेव्हापासून कुणी कुरडई पुढे केली तरी पार्वतम्मा काहीतरी कारण सांगून उठायची. मास्तरांना हे कळत होतं, म्हणून तेही कुणाच्या घरी ती खात नसत.

तिने मास्तरांना सांगितलं नाही. करून बघू, जमलं तर सांगू, नाही जमलं तर गहू गाईला घालू, असा विचार. मास्तर क्लासला गेले की पाणी बदलायची. तीन दिवसांनी गहू वाटला, चीक काढला, वरचं पाणी ओतलं. घरभर आंबूस वास सुटला, म्हणून उदबत्त्या लावल्या. चौथ्या दिवशी पाण्याला उकळी आणून मीठ टाकलं आणि चीक ओतला. ढवळता ढवळता ती रडली, पण हात थांबला नाही आणि गुठळीही झाली नाही. ह्याचं तिला मागाहून फार नवल वाटलं.

नेमके त्याच दिवशी सकाळी मास्तर सांगून गेले होते, की लोणारसाठी पट्ट्यांचा नवा गठ्ठा लागेल. साबुदाणा संपलेला. समोर पातेलंभर चीक वाफाळत होता. मास्तर शेडमध्ये असल्यापासून सांगत आले होते, "बटाट्याचा असो, भाताचा असो का गव्हाचा, स्टार्च तो स्टार्च." पार्वतम्माने पळीभर चीक पाण्यात पातळ केला, त्यात पट्ट्या बुडवल्या आणि वाळायला घातल्या. कुरडया सिद्धम्माच्या गच्चीवर गेल्या, पट्ट्या मास्तरांच्या पिशवीत. तिच्या मते एका दगडात दोन पक्षी झाले होते.

परीक्षा आटोपल्या, क्लासला सुट्टी लागली, आणि नवराबायको लोणारला गेली. तळ्याकाठी उतरताना पार्वतम्माने पाण्यात हात घातला तर पाणी साबणासारखं बुळबुळीत. तिथल्या बाईने चिमूटभर हळद त्या पाण्यात कालवून दाखवली, ती कुंकवासारखी लाल झाली. पार्वतम्माने हात जोडले. मास्तर दोरी बांधण्यात गुंग होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, "खाराचं पाणी हाय, होतं तसं," म्हणाले आणि परत गाठ मारायला लागले.

ऊन कड्यावरून खाली उतरलं. थेंब सोडलेल्या पट्ट्या आधी पांढऱ्याच होत्या. मग कडेने जांभळट झाल्या, मग हळूहळू निळ्या. मास्तरांनी हातातली बाटली खाली ठेवली. ते एका धोंड्यावर बसले आणि त्यांनी पार्वतम्माचा हात धरला. चारचौघांत हात धरण्याची त्यांची रीत नव्हती. गावात जाऊन त्यांनी निजामोद्दीनला फोन लावला. निजामोद्दीन म्हणाले, "मियाँ, आमच्या पट्ट्या कफनासारख्या पांढऱ्या हायेत. भाभीला पेढे मागा." निजामोद्दीनच्या पट्ट्या जुन्या डब्यातल्या, साबुदाण्याच्या होत्या, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढचा महिना मास्तरांचा होता. नांदेडच्या एका कॉलेजात विज्ञान शिक्षकांचं चर्चासत्र होतं, तिथे त्यांना बोलायला बोलावलं. क्लासच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी शर्ट शिवायला टाकला. जाण्याच्या दोन दिवस आधी ते क्लासला गेलेले असताना पार्वतम्माला हौस वाटली. लोणारहून उरलेल्यांतली एक पट्टी घेऊन तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आणि बाटलीतला थेंब सोडला. लातूरच्या हवेत पट्टी पांढरी राहते ती एकदा आपणही बघावी, एवढाच हेतू. मग ती भाकरी थापायला बसली.

भाकऱ्या झाल्या आणि तिने वर पाहिलं, तर पट्टी निळी.

आधी तिला वाटलं, गॅसच्या धुराने झालं असेल. तिने दुसरी पट्टी अंगणात टांगली. तीही निळी. मग जुन्या डब्यातली साबुदाण्याची पट्टी काढून टांगली. ती पांढरीच राहिली. रसायनशास्त्र पार्वतम्माला येत नव्हतं, पण आपल्या पातेल्यातून काय निघालं हे कुठल्या बाईला कळत नाही? तिने पट्ट्या उतरवून पिठाच्या डब्यामागे दडवल्या.

दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही. सांगावं तर मास्तरांचं हसू जाणार, आणि ते किती वर्षांनी आलं होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? शिवाय पट्ट्यांचं सांगायचं तर कुरडयांचं सांगावं लागणार, आणि कुरडयांचं सांगायचं तर सिंधूचं नाव निघणार. न सांगावं तर हा भोळा माणूस चार प्राध्यापकांपुढे उभा राहून खोटं बोलणार, स्वतःला खरं वाटत असलेलं खोटं. आज ना उद्या कुणीतरी ते दाखवून देणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

नांदेडला निघायच्या सकाळी तिने सिद्धम्माकडचा डबा आणला, मूठभर कुरडया तळल्या आणि स्टीलच्या डब्यात भरल्या.

एस.टी.ने अहमदपूर सोडलं. मास्तर मांडीवर कागद पसरून ओठातल्या ओठात भाषण घोकत होते. पार्वतम्माने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी कागदावरची नजर न काढता एक कुरडई उचलली, तोंडात घातली आणि चावता चावता थांबले.

"कुठून आणल्यास?"

"घरी केल्या."

मास्तरांनी कागद मिटले. पार्वतम्मा खिडकीबाहेर बघत एका दमात बोलून गेली. "तुमच्या लोणारच्या पट्ट्या मी ह्याच्याच चिकात बुडिवल्या. साबुदाणा नव्हता. परवा घरात टांगून बघितल्या, तर घरात बी निळ्या पडल्या. साबुदाण्याच्या पडल्या न्हाईत. तळ्याचं काई न्हाई त्यात. चूक माझी हाय. आता तिथं काय बोलायचं ते तुमी ठरवा."

ती ओरडा खायची वाट बघत राहिली. मास्तरांच्या हातात अर्धी कुरडई तशीच होती.

"तू गहू भिजिवलास?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कवा?"

"चैत्रात. तुमी क्लासला गेल्यावर."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी रडाल म्हणून."

"मग?"

"मग काय. आता बी रडूनच राहिले की तुमी."

मास्तरांनी नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. उरलेली अर्धी कुरडई खाल्ली, दुसरी घेतली, तीही खाल्ली. बस लोह्याच्या अलीकडे कुठेतरी असेल तेव्हा त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"मीठ कुठलं घातलंस?"

"पुडीचं. खडेमीठ आता कोण आणतं?"

"अन चीक आंबला होता?"

"तीन दिसांचा गहू. आंबणार न्हाई तर काय करणार?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "पुडीच्या मिठात आयोडीनचा क्षार घालतात. तो, वरून माझा थेंब, अन तुझ्या चिकाचा आंबटपणा. तिघं भेटले की आयोडीन सुटतो, स्टार्च निळा पडतो. मी लोणारला जाऊन तुझा चीक तपासून आलो, पार्वती." मग ते एकाएकी ताठ बसले. "आंबट. अगं, आंबटच लागतं. मृत समुद्रावर बी मिठाचे कण धुरानं आंबट झालेले असतात, तवाच ब्रोमीन उठतो. अन लोणारला हळद लाल झाली होती. माझ्या डोळ्यादेखत. नुसत्या खाराचं पाणी, आंबटाच्या उलटं. तिथं कोण कशाला उठंल?" आणि ते इतके मोठ्याने हसले, की कंडक्टरने मागे वळून पाहिलं.

नांदेडच्या सभागृहात मास्तर उभे राहिले आणि त्यांनी भाषणाचे कागद बाजूला ठेवले. पट्ट्या निळ्या का पडल्या, ते चिकापासून मिठापर्यंत सगळं सांगितलं. कागद आमच्या घरचा होता आणि चूकही घरचीच, असं म्हणाले. पण बायकोने चूक केली असं एकदाही म्हणाले नाहीत. नव्या गठ्ठ्याची एकही पट्टी मी लातुरात टांगून बघितली नाही, निळं बघायची मला घाई झाली होती, एवढं स्वतःवर घेतलं. मग आंबटाचं आणि खाराचं सांगितलं. लोणारच्या मिठात हॅलोजन गाढ झोपलेले असावेत असा माझा तर्क आहे, खरं काय ते मोजायला मोठी यंत्रं लागतील, असंही सांगितलं. लोक आधी हसत होते, मग मन लावून ऐकायला लागले.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "छान आहे. पण एवढं करून तुमच्या हाती काय लागलं?"

प्रश्न तूबाच्या प्रश्नाचाच मोठा भाऊ होता. पार्वतम्माने मांडीवरचा डबा घट्ट धरला. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"आमच्या घरी कुरडया झाल्या," ते म्हणाले.

सभागृह हसलं. मास्तर गमतीदार आहेत असं लोकांना वाटलं, आणि टाळ्याही पडल्या. पार्वतम्मा हसली नाही. तिने पदर तोंडाशी नेला आणि सगळे बाहेर पडेपर्यंत ती जागेवरून उठली नाही.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. गाडी नांदेडच्या बाहेर पडली, वारा लागायला लागला. मास्तरांनी डबा आपल्या मांडीवर घेतला.

"सिंधूला चीक गोड लागायचा का खारट?" त्यांनी विचारलं. "मला आठवेना झालंय."

ते नाव त्यांच्या तोंडून तिने पत्र्याच्या शेडमध्येही ऐकलं नव्हतं.

"गोड," पार्वतम्मा म्हणाली. "दूधसाखर घालून. वर साय मागायची."

"मला वाटलं खारट."

"खारट तुमाला. तुमी आपली वाटी संपवून तिच्यातलं खायचे, अन ती बोंबलायची."

"मी?"

"मग कोण, तुमचा ब्रोमीन?"

डब्यात एकच कुरडई उरली होती. मास्तरांनी ती मोडून अर्धी तिला दिली. लातूर येईपर्यंत दोघं सिंधूबद्दलच बोलत होती.